खुळखुळणारी बॅटरी

आमच्या घरी विजेवर चालणारी एक सायकल आहे. ती दादांची. दादा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. या लेखातले ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. कारण पुढे जो खटाटोप सांगावयाचा आहे, त्यात एकाच्या हाती पाना होता आणि दुसरीच्या हाती टॉर्च, आणि पाना कोठे लावावा हे बहुतेक वेळा टॉर्चवालीच सांगत होती.

दादांचे वय ७६. गुडघ्यांनी चालण्याला नकार दिला असला तरी सायकलीला दिलेला नाही. आमचे बिऱ्हाड शहापुरात, आणि दादांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, कपिलेश्वरच्या रेल्वे पुलापलीकडे, गणपत गल्लीच्या अंगाला राहतात. आत्याबाईंची दृष्टी अधू झाल्यापासून दादांचा एक नेम आहे. साडेदहाला डबा घेऊन निघावयाचे, त्यांच्यापाशी बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावयाचे, आणि दीडच्या सुमारास परतावयाचे. पुलाचा चढ साध्या सायकलीने त्यांच्या आवाक्याबाहेर गेला, म्हणून ही विजेची घेतली. मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा हलक्या वाहनाला आपल्याकडे नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. दादांना या गोष्टीचे विशेष सुख होते. या वयात पुन्हा कोणाच्या कचेरीत जाऊन डोळे तपासून घ्यावे लागले नाहीत, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तीन वर्षे सायकल निमूट चालली. मग बॅटरीचा दम कमी झाला. एका भारात चार दिवस जाणारी गाडी दीड दिवसात थकू लागली. यात कोणाचा दोष नव्हता. या बॅटऱ्यांचे आयुष्य असेच झिजत जाते. आम्ही दुकानात गेलो. मूळ बॅटरी आता मिळत नाही, पण ‘हीच बसते, डोळे झाकून न्या,’ असे सांगून दुकानदाराने दुसरी दिली. दिसावयास ती जुनीचीच जुळी बहीण. सायकलीच्या तिरप्या नळीवर जी पट्टी असते, तिच्यावर ती सरकवली, चावी फिरवली, पडदा उजळला. आम्ही पैसे मोजले आणि घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी दादा म्हणाले, “अरे, ही बोलते.”

खरोखरच ती बोलत होती. गल्लीतल्या फरशीवरून जाताना डब्यात सुपाऱ्या टाकून हलवाव्यात तसा खुळखुळ आवाज येई. आम्ही बॅटरी हाताने हलवून पाहिली. वरच्या टोकाला ती जराशी हलत होती. चावी लागते, गाडी चालते, तेव्हा आवाजाचे काय एवढे, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. हे दुर्लक्ष पंधरा दिवस टिकले.

आषाढातली सकाळ होती. भुरभुर पाऊस. दादा पुलाचा चढ चढत असताना एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले, आणि त्याच क्षणी पडदा विझला, मोटर थांबली. भर चढावर, मागून वाहने येत असताना, सायकल जागच्या जागी थबकली. दादांनी पाय टेकला तो ओल्या रस्त्यावर घसरला. डबा गडगडत खाली गेला, मनगट मुरगळले, आणि मागच्या रिक्षावाल्याने वेळीच गाडी थांबवली म्हणून एवढ्यावर निभावले. भल्या माणसाने सायकल उचलून उभी केली, तर पडदा पुन्हा उजळलेला! जणू काही झालेच नव्हते.

घरात निकाल लागावयास वेळ लागला नाही. पुण्याहून भावाचा फोन आला, गोव्याहून नणंदेचा आला, आणि सर्वांचे एकमत झाले की आता सायकल बंद. आमचेही तेच मत होते, हे प्रांजळपणे सांगतो. दादा काही बोलले नाहीत. मनगटाला पट्टी बांधून ते ओसरीवर बसून राहिले. साडेदहाला आत्याबाईंचा फोन येई, “आज पेपरात काय?” आणि दादा फोनवर मोठमोठ्याने वाचू लागत. पण आत्याबाईंना अलीकडे ऐकूही कमी येते. चार ओळींनंतर दोघेही दमत. दोन वेळा ते रिक्षाने जाऊन आले. तिसऱ्या वेळी आम्ही विचारले, तर म्हणाले, “रिक्षाने गेलं की पाहुणा म्हणून गेल्यासारखं वाटतं. बसलं की उठायची घाई.”

त्या रात्री आम्ही सायकल आत घेतली.

दुकानदाराकडे आधी जाऊन आलोच होतो. त्याने बॅटरीला मीटर लावला, आकडा दाखवला आणि बॅटरी उत्तम असल्याचे सांगितले. खड्ड्यातून गाडी नेऊ नये, असा सल्लाही दिला. बेळगावच्या पावसाळ्यात खड्डा टाळून पुलावर कसे जावे, हे मात्र सांगितले नाही. वर, फारच शंका असेल तर आणखी एक नवी बॅटरी घ्या, म्हणाला. तिची किंमत ऐकून आम्ही पायरी उतरलो.

आता थोडे या वस्तूच्या पोटात शिरावे लागेल. सायकलीच्या अशा बॅटरीत लिथियमचे लहान लहान सेल असतात. बहुतेक ठिकाणी एकेक सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे साधारण हाताच्या बोटाएवढा. असे १० सेल ओळीने जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी होते. पूर्ण भरल्यावर मीटर ४२ पर्यंत दाखवतो. आमचा ४१ च्या वर दाखवत होता, म्हणजे दुकानदार खोटे बोलत नव्हता. बॅटरी उत्तमच होती. पण ती वीज मोटरीकडे जाते ती खालच्या टोकाशी असलेल्या दोन धातूच्या पात्यांतून. पट्टीवर दोन पाती उभी असतात आणि बॅटरीच्या बुडाशी त्यांना पकडणारे दोन चाप असतात. बॅटरी वर सरकवून बसवली की पाती चापात शिरतात. एवढाच काय तो संबंध. तीन किलोची बॅटरी वरच्या टोकाला दोन मिलिमीटर डुलली, की खालच्या टोकाला चाप पात्यांवर घासतात, आणि मोठा हिसका बसला तर क्षणभर सुटतात. तो क्षण डोळ्याला दिसत नाही, पण सायकलीतल्या नियंत्रकाला तेवढा पुरतो. वीज गेली असे समजून तो सर्व काही बंद करतो.

लिथियमच्या या सेलांची विक्री १९९१ साली सोनी कंपनीने सुरू केली, आणि ज्या तिघा शास्त्रज्ञांनी त्यामागचा पाया घातला त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या थोर बुद्धी आतल्या रसायनावर खर्ची पडल्या. बाहेरची प्लॅस्टिकची पेटी आणि तिची खाच मात्र ज्याची त्याने आपल्या मर्जीने केली. टॉर्चचे सेल कोणत्याही दुकानातून आणले तरी कोणत्याही टॉर्चमध्ये बसतात; सायकलीच्या बॅटरीचे तसे नाही. दोन पेट्या बाहेरून हुबेहूब दिसाव्यात आणि खाचेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक असावा, हे सर्रास घडते. ‘डोळे झाकून’ घेतल्याचा हा परिणाम.

आवाजाकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडले असते, तेही सांगतो. पाती आणि चाप घट्ट असतील तर विजेला तेथे अडथळा जवळजवळ नसतो. ढिले झाले की प्रत्येक हिसक्याला बारीक ठिणगी उडते, पाते काळे पडते, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात आणि अडथळा वाढत जातो. समजा तो ओहमचा दहावा हिस्सा झाला. चढावर नियंत्रक १५ अँपिअरपर्यंत वीज ओढतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले अडथळा, असा उष्णतेचा हिशेब शाळेत शिकवतात. तो केला तर २२ वॉटच्या वर भरतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डाग देण्याचे लहान यंत्र २५ वॉटचे असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या पेटीत, लिथियमच्या सेलांना खेटून, आम्ही जवळजवळ तेवढी आच ठेवून फिरत होतो.

तेव्हा हे कळले नव्हते. तेव्हा आम्ही पहिल्यांदा काय केले? घरात जे सुचते ते. जुन्या धोतराची घडी करून फटीत कोंबली. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या पावसात धोतराने पाणी प्यायले आणि ते पाण्याचे ओझे नेमके पात्यांच्या डोक्यावर धरून ठेवले. ते काढून टाकले. मग सामान बांधण्याचा लवचीक पट्टा बॅटरीभोवती करकचून आवळला. त्याने बॅटरी हलेनाशी झाली खरी, पण एका बाजूला ओढली गेली. मग पाती चापात तिरपी शिरू लागली, आणि पडदा उभ्या गाडीतच लुकलुकू लागला. तिसरा प्रयोग रबरी चपलेच्या तळाच्या तुकड्याचा. तो इतका जाड निघाला की बॅटरी बुडापर्यंत पोचेना. कुलपाचा खिळा अर्धाच खाली पडे. यातले तिसरे सर्वांत धोक्याचे, कारण सर्व काही घट्ट वाटते आणि अर्ध्या कुलपावर तीन किलोंचे वजन लटकत राहते.

चौथ्या दिवशी आम्ही सायकल एका ओळखीच्या टेम्पोत घालून उद्यमबागेत नेली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उद्यमबाग हा बेळगावच्या ओतशाळांचा आणि लेथ यंत्रांचा भाग. तेथल्या एका छोट्या कारखान्यातले फिटर आमच्या माहितीचे. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी, आणि यंत्राशी जी बोलतात ती तिसरीच भाषा. आम्ही त्यांच्यापुढे बॅटरी धरून सविस्तर हकीकत सांगू लागलो. त्यांनी ती हातातही घेतली नाही. बाजूला ठेवावयास सांगितली, खाली बसले, आणि सायकलीवरची रिकामी पट्टी दोन बोटांत धरून हलवली.

“काकू, टॉर्च हितं दाखवा. बसणारा हलत न्हाई, पाट हलतोय बघा की.”

पाट हलत होता! ही पट्टी नळीला दोन स्क्रूंनी जोडलेली असते. साध्या सायकलीला पाण्याची बाटली अडकवण्यासाठी जी दोन भोके असतात, तीच ही. त्या भोकांत आट्यांची धातूची बोंडी ठोकलेली असतात, त्यांना रिव्हेट-नट म्हणतात. खालचे बोंड नळीतल्या नळीत फिरत होते. स्क्रू आवळला तर बोंडही त्याबरोबर फिरे, आणि आवळणाऱ्याला वाटे, घट्ट झाला. आम्हीही तो दोनदा ‘घट्ट’ केला होता. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते: पाट ढिला, आणि त्यावर बसणाऱ्या बॅटरीची खाच थोडी मोठी. पहिल्या बॅटरीच्या वेळीही पाट हलत असेल. पण तिची खाच चपखल होती, तिने सांभाळून घेतले.

फिटरांनी फिरणारे बोंड पकडीत धरून, भोक जरासुद्धा मोठे होऊ न देता कोरून काढले आणि तेथे नवे पाच मिलिमीटरचे बसवले. आम्ही उत्साहाने सुचवले की वरच्या बाजूला तिसरे भोक पाडून आणखी एक स्क्रू मारावा. त्यांनी हात जोडले. नळीला नवे भोक पाडणे म्हणजे तेथून चीर जाण्याला आमंत्रण. माणूस ज्यावर बसतो त्या हाडाला भोक पाडावयाचे नसते. त्याऐवजी त्यांनी नळीभोवती आतून रबर लावलेला एक पट्टीचा वेढा घालून पाटाचे वरचे टोक धरले. स्क्रूच्या आट्यांना हादऱ्यांनी सुटू नये म्हणून लावतात तो मध्यम प्रतीचा डिंक लावला. कडक प्रतीचा लावला तर पुढे स्क्रू निघत नाही.

उरलेली फट मापावयाची होती. त्यासाठी लागणारी पात्यांची मापे तेथे होती, पण दादांनी, होय, दादाही बरोबर आले होते, आपल्या पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पट्ट्या कापून एकेक फटीत सरकवीत गेले. खालच्या टोकाला एकही शिरेना, वरच्या टोकाला पाच शिरल्या. फिटरांनी मापाने ताडून पाहिले. दोन मिलिमीटरला थोडे कमी. पुढे घरी कोणाला करावयाचे झाले तर ही रीत चांगली आहे. फट किती, यापेक्षा फट कोठे, हे तिने आधी कळते. भरणही तेवढ्याच जागी लागते, सबंध पाटभर नव्हे.

भरण म्हणून सायकलीच्या जुन्या ट्यूबचे रबर वापरले. ते पाणी पीत नाही, चपलेच्या तळासारखे दबून बसत नाही, आणि एक पदर साधारण एक मिलिमीटरचा असल्यामुळे हिशेब सोपा. पाट स्पिरिटने पुसला, वरच्या टोकाला दोन पदर चिकटवले आणि रात्रभर वाळू दिले. सकाळी बॅटरी सरकवली तेव्हा शेवटच्या बोटभर अंतरात तळहाताचा दाब लागला, आणि कुलपाचा खिळा ‘टक्’ असा पूर्ण खाली पडला. हा आवाज आला पाहिजे. तो येत नसेल तर भरण जास्त झाले आहे, मग बॅटरी कितीही घट्ट वाटो.

पात्यांचे काम मात्र घाईने करण्यासारखे नाही. बॅटरी काढल्यावर पाटाकडची पाती निर्जीव होतात असे वाटते, पण नियंत्रकात थोडी वीज साठून राहते. म्हणून बॅटरी काढून चालू करण्याचे बटण काही वेळ दाबून धरावे, म्हणजे ती निघून जाते. काळवंडलेले पाते खोडरबराने आणि स्पिरिटने स्वच्छ होते. पॉलिश कागदाने घासू नये, वरचा मुलामा जातो. आमच्या एका पात्यावर खड्डेच पडले होते, तेव्हा फिटरांनी पात्यांचा सुटा जोड मागवून बदलला. तारांचे रंग आधी मोबाइलवर टिपून ठेवले. बॅटरीच्या बुडाशी असलेल्या चापांत मात्र घरच्या माणसाने काहीही घालू नये. तेथे वीज सदैव जिवंत असते. स्क्रू ड्रायव्हर दोन्हींना एकदम टेकला तर डोळ्यांदेखत धातू वितळतो. फिटरांनी कामाला हात लावण्यापूर्वी आमच्याकडे पाहिले आणि एकाला अंगठी व दुसरीला बांगड्या काढावयास लावल्या. त्याआधी तीन दिवस घरी आम्ही त्या हातांनीच खटपट करीत होतो, हे आठवून नंतर घाम फुटला.

आणखी एक त्यांनी सांगितले ते येथे नमूद करणे आवश्यक वाटते. ढिली बॅटरी हा बहुधा पाटाचा प्रश्न असतो. पण नीट बसणारी बॅटरी जर अचानक घट्ट होऊ लागली, पेटी फुगल्यासारखी वा चिरलेली दिसली, वास येऊ लागला किंवा गाडी उभी असताना ती गरम लागली, तर तासून, ठोकून ती बसवण्याच्या फंदात पडू नये. तो आतला बिघाड असतो. भारास लावू नये, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी आणि विकणाऱ्याला परत द्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यांवर आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती टाकू नये.

तपासणीही दादांनीच केली. गाडी स्टँडवर उभी, मागचे चाक हवेत फिरते आहे, आणि दादा बॅटरीवर उजव्या हाताने थापट्या मारताहेत, असे दृश्य आमच्या अंगणात अर्धा तास चालले होते. पडदा एकदाही विझला नाही. मग गल्लीतून दोन फेऱ्या, मग गतिरोधकावरून, मग दहा किलोमीटर चालवून लगेच बॅटरी काढून पात्यांजवळचे प्लॅस्टिक हाताने चाचपणे. कोमट लागले, त्याहून अधिक नाही.

पुलावरून पहिल्यांदा जाताना आम्ही स्कूटरवरून मागे होतो. दादांना ते आवडले नाही. त्यांनी एकदा वळून पाहिले आणि मग चढावर मुद्दाम वेग वाढवला. तो खड्डा अद्याप तेथेच होता. दादांनी तो टाळला नाही. चाक आदळले, डबा दचकला, पडदा उजळलेलाच राहिला. गणपत गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आम्हांला हातानेच परत जा म्हणून खूण केली. त्या दिवशी ते दीडला परतले नाहीत. अडीच वाजता आले. साठलेली वर्तमानपत्रे वाचून संपवायची होती म्हणे.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन स्क्रू आणि तो वेढा तपासतो, आणि रबर दबले आहे का हे लग्नपत्रिकेची पट्टी घालून पाहतो. एक पट्टी शिरू लागली आहे. पावसाळ्याआधी वरचा पदर बदलावा लागेल. दादांचे कान मात्र आता फार तिखट झाले आहेत. बॅटरी गप्प झाल्यापासून मागचे मडगार्ड वाजते, असे त्यांचे म्हणणे आहे.